अलंगचं लोखंड आपल्या भट्टीत: सांगली-साताऱ्याच्या फाउंड्रीवाल्यांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड, पलूस, कराड आणि सातारा इथले फाउंड्रीचालक, फॅब्रिकेशनवाले, भंगार व्यापारी आणि या सगळ्यांकडचे खरेदी अधिकारी

सप्रेम नमस्कार,

२६ जून २०२५ ला जहाजतोडणीचा हाँगकाँग करार जगभर लागू झाला. त्या दिवशी कुपवाडच्या एमआयडीसीत, चहाच्या गाड्यावर किंवा असोसिएशनच्या मीटिंगमध्ये, कुणी त्याचं नाव काढलं असेल असं वाटत नाही. साहजिक आहे. आपल्याकडं समुद्र नाही आणि बंदराच्या बातम्या आपण वाचत नाही. पण जहाज तुटल्यावर जे उरतं ते कुठं जातं, असा प्रश्न एकदा विचारला की त्यातला थोडाफार माल आपल्याच वजनकाट्यावर येऊन थांबतो. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

माझी ओळख एवढीच की नोकरी सगळी फाउंड्रीत झाली, आधी फर्नेसवर आणि पुढं खरेदीच्या टेबलावर. आता निवृत्त आहे. त्यामुळं कुणाचा माल खपवायचा नाही आणि कुणाची ऑर्डर जाईल ही धास्तीही नाही.

ज्यांनी कधी अलंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात, खंभातच्या आखाताच्या काठावर हे गाव आहे. १९८३ पासून तिथं जहाजं तोडली जातात. जागा निवडण्याचं कारण भरती-ओहोटी. या आखातात पाणी इतकं चढतं-उतरतं की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्याकडं सोडलं की ते वर येऊन रुततं, आणि ओहोटीला चिखलात कोरडं उभं राहतं. क्रेन लागत नाही, गोदी लागत नाही. दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात एकाला लागून एक प्लॉट आणि प्रत्येकात अर्धवट कापलेलं जहाज. जहाजाच्या रिकाम्या वजनात पोलादच बहुतेक. त्यातली चांगली जाड प्लेट न वितळवता, नुसती तापवून रोलिंग मिलमध्ये लाटतात आणि सळी, अँगल, पट्टी काढतात. उरलेलं भंगार वितळवायला जातं. शिवाय पंप, व्हॉल्व्ह, जनरेटर, साखळ्या, वायर रोप, लाकडी कपाटं, स्वयंपाकघरातली भांडी, गाद्यासुद्धा रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला असतात. आपल्यातल्या कित्येकांनी तिथून जनसेट किंवा चेन-पुली आणलेली आहे, स्वस्त पडते म्हणून. त्यात गैर काही नाही. लोखंड पुन्हा वापरणं हे खनिज खोदून नवं काढण्यापेक्षा केव्हाही चांगलं, हे भट्टीवाल्याला कुणी शिकवायला नको.

आता एक तुकडा जवळून बघू. आमच्या यार्डात मॅग्नेटनं गाडी खाली करताना एकदा एक प्लेट वेगळी दिसली म्हणून ती बाजूला काढायला लावली. दोन हात लांब, अर्धा इंच जाड. चारही कडा गॅसनं कापलेल्या, कडेला वितळून थिजलेल्या लोखंडाचे ओघळ. एका बाजूला रंगाचे थर इतके की खिळ्यानं खरवडलं तर पापुद्रा निघत होता. वर मळकट तांबडा, त्याखाली राखाडी, मग हिरवा, परत तांबडा, आणि तळाला लोखंडाला चिकटून शेंदरी. वरच्या तांबड्यावर पांढरे गोल ठसे होते, बांगडीपेक्षा लहान, कडा चुन्यासारख्या. समुद्री शिंपल्यांचे. यार्डातली पोरं ते नखानं उकरत बसली. कुपवाडात समुद्र आला, म्हणाली.

तो शेंदरी थर बहुधा शिशाचा. जुन्या जहाजांना गंज लागू नये म्हणून शिशाचा प्रायमर सर्रास मारत. वरचा तांबडा थर शिंपलं-शेवाळ चिकटू नये म्हणून. त्यात पूर्वी ट्रायब्युटिल टिन नावाचं कथिलाचं विष असायचं, इतकं जहाल की समुद्रातल्या गोगलगायींची पैदास बिघडली आणि शेवटी आंतरराष्ट्रीय करार करून २००८ मध्ये ते बंद करावं लागलं. आता असा विचार करा, की ही प्लेट कापणाऱ्या माणसानं टॉर्च चालवली तेव्हा आधी काय जळलं? लोखंडाच्या आधी हे सगळे थर जळले, त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर. शिशाची वाफ डोळ्याला दिसत नाही, वासही धड येत नाही. ती रक्तात जाते आणि हाडात मुक्काम करते. आणि राहिलेला रंग दुसऱ्यांदा जळला तो आमच्या फर्नेसच्या तोंडाशी, जिथं आमचा चार्जिंगचा, म्हणजे भट्टीत माल टाकणारा, माणूस उभा होता.

हा पहिला मुद्दा नीट ध्यानात घ्या. अलंगचा कटर आणि आपला फर्नेसवाला एकाच प्लेटचा धूर पितात. आणि धंद्याच्या भाषेत बोलायचं तर शिसं कास्टिंगलाही नको असतं. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे साध्या बिडात, किंचित शिसं राहिलं तरी ग्राफाइटचा आकार बिघडतो आणि ताकद जाते, आणि एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचं चिवट बीड) करणाऱ्यांना तर अशा भेसळीचा जास्तच जाच. रिजेक्शन आलं की आपण वाळूला, बाइंडरला, पोअरिंग टेंपरेचरला दोष देतो. चार्जमध्ये काय गेलं ते शेवटी बघतो.

यार्डातल्या बाकीच्या धोक्यांपैकी सगळ्यात घातक बंद टाकी. जहाजात तेलाच्या, पाण्याच्या, बॅलास्टच्या कितीतरी टाक्या असतात. तेलाच्या टाकीत तळाला गाळ आणि वर वाफ राहिली आणि कुणी टॉर्च लावली की स्फोट. १ नोव्हेंबर २०१६ ला पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर एका टँकरमध्ये हेच झालं आणि किमान २६ माणसं गेली. नुसत्या पाण्याच्या टाकीतही मरण असतं, ते मात्र मुकाट. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. महिनोन्‌महिने बंद असलेल्या टाकीत माणूस उतरला की दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. आपल्याकडं मळीच्या टाकीत, डिस्टिलरीच्या खड्ड्यात, विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये असंच होतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एकाच घरातली दोन नावं छापून येतात. तेव्हा हे अलंगचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका.

इंजिनरूमच्या पाइपांवर आणि बॉयलरवर अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण असतं, जुन्या केबलच्या आवरणात पीसीबी नावाचं विषारी रसायन असतं, आग विझवायच्या सिलिंडरमध्ये हॅलॉन, म्हणजे ओझोनचा थर खाणारा वायू असतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेला की रोग वर यायला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर कामगार ओडिशातल्या, बिहारमधल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी परत गेलेला असतो. त्याच्या खोकल्याचा आणि त्या जहाजाचा संबंध लावणारा डॉक्टर तिथं कुठून मिळणार?

आता तो करार. हाँगकाँगमध्ये २००९ साली तो मंजूर झाला आणि लागू व्हायला सोळा वर्षं लागली, कारण अट अशी होती की किमान पंधरा देश पाहिजेत, त्यांच्याकडं जगातल्या व्यापारी जहाजांपैकी ४० टक्के टनेज पाहिजे, आणि जहाजं तोडायची क्षमताही ठरावीक प्रमाणात पाहिजे. भारत २०१९ मध्ये सामील झाला आणि त्याच वर्षी संसदेनं जहाज पुनर्वापर कायदा केला. शेवटी जून २०२३ मध्ये बांगलादेश आणि लायबेरिया आले तेव्हा आकडा भरला आणि तिथून दोन वर्षांनी करार लागू झाला. त्यात आहे काय? पाचशे ग्रॉस टनांवरच्या प्रत्येक जहाजानं आपल्या पोटात कुठं कुठला घातक माल आहे याची यादी जवळ ठेवायची. जुन्या जहाजांना त्यासाठी पाच वर्षं दिलीत, पण त्याआधी तोडायला निघालं तर आधी यादी. तोडणाऱ्या यार्डाला सरकारी अधिकृतता पाहिजे. प्रत्येक जहाजासाठी तोडणीचा वेगळा आराखडा पाहिजे. टाकी आत जायला सुरक्षित आहे आणि टॉर्च लावायला सुरक्षित आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. आपल्याकडं हे सगळं नौवहन महासंचालनालयाच्या देखरेखीखाली आहे. नौदलाची जहाजं यातून वगळली आहेत. मला तरी ती सूट पटलेली नाही, पण जगभर तसंच आहे.

अलंगला उगाच झोडपायचं नाही, हेही सांगून टाकतो. फ्रान्सची क्लेमान्सो नावाची विमानवाहू नौका अ‍ॅस्बेस्टॉससकट अलंगला निघाली होती ती २००६ मध्ये अर्ध्या वाटेवरून परत बोलवावी लागली, त्या वेळचं अलंग आणि आजचं अलंग एक नाही. त्याआधी २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं घातक कचऱ्याच्या खटल्यात जहाजतोडणीवर कडक निर्देश दिले होते. २०१५ पासून तिथले यार्ड जपानच्या क्लास एनकेसारख्या जहाज तपासणाऱ्या संस्थांकडून तपासून घेऊन हाँगकाँगच्या निकषांचे दाखले मिळवू लागले. कटिंगच्या जागी काँक्रीटची पाणी न मुरणारी जमीन आली, मोठ्या क्रेन आल्या, कामगारांना प्रशिक्षण सुरू झालं, घातक कचरा पुरायला वेगळी सोय झाली. टीकाकार म्हणतात, जहाजाचा पहिला कापलेला तुकडा अजून चिखलातच पडतो आणि रंगाचे पापुद्रे भरतीबरोबर समुद्रात जातात. ते खोटं नाही. युरोपीय संघाची स्वतःची मान्यताप्राप्त यार्डांची यादी २०१६ पासून निघते आणि अलंगच्या यार्डांनी अर्ज करूनही वर्षानुवर्षे त्यांचं नाव त्यात लागलं नाही, ते मुख्यतः या किनाऱ्यावर चढवण्याच्या पद्धतीमुळं. पण युरोपनं नाही म्हटलं म्हणून जहाजं तोडायची थांबत नाहीत, ती आणखी स्वस्त किनाऱ्यावर जातात. तेव्हा जे यार्ड सुधारले त्यांना काम मिळत राहावं, हाच शहाणपणाचा रस्ता दिसतो. (मुंबईत दारूखान्यालाही जहाजं तुटतात, हे आपण विसरतो. आपली पहिली विक्रांत २०१४ मध्ये तिथंच कापली गेली आणि तिच्या पोलादातून पुढं बजाजची मोटरसायकल निघाली. सांगलीतल्या पोरांनी ती अभिमानानं घेतली. टाकी कुठल्या लोखंडाची हे त्यांना माहीत होतं, कारण कंपनीनं ते जाहिरातीत सांगितलं होतं! बाकीच्या लोखंडाचं मूळ गाव कुणी सांगत नाही.)

मग अडतंय कुठं? भावात अडतंय. जहाजाचा मालक ग्रीसचा, जर्मनीचा किंवा जपानचा असतो. जहाज म्हातारं झालं की तो ते रोखीच्या व्यापाऱ्याला विकतो. तो व्यापारी शेवटच्या फेरीपुरता झेंडा, म्हणजे जहाजाच्या नोंदणीचा देश, बदलून घेतो, कोमोरोसचा, पलाऊचा, सेंट किट्सचा, म्हणजे मूळ देशाचे नियम लागू नयेत. मग ते जहाज रिकाम्या वजनाच्या टनामागं डॉलरच्या भावानं अलंग, बांगलादेशातलं चितगाव आणि गडानी यांच्यात फिरवलं जातं. जो जास्त देईल त्याच्याकडं जातं. यार्डाच्या खर्चातला सर्वात मोठा वाटा या खरेदीचाच. ज्यानं काँक्रीट घातलं, क्रेन घेतली, गॅस तपासणारा माणूस ठेवला, अ‍ॅस्बेस्टॉस बंद खोलीत काढलं, तो टनामागं थोडे डॉलर कमीच देऊ शकतो. ज्यानं यातलं काही केलं नाही तो ते डॉलर वर टाकतो आणि जहाज घेऊन जातो. आणि यार्ड किती भाव देऊ शकतो हे कशावर ठरतं? त्याची प्लेट आणि त्याचं भंगार कुणी काय भावानं उचलतो यावर. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या खरेदीवर.

हाँगकाँग करारात जहाजमालक आहे, झेंड्याचा देश आहे, यार्ड आहे. लोखंड विकत घेणारा त्यात कुठंच नाही. चांगल्या यार्डाच्या प्लेटचा आणि वाईट यार्डाच्या प्लेटचा बाजारात भाव एकच असेल, तर कायदा कितीही कडक करा, वाईट यार्डवाला रोज चार पैसे जिंकतोय. तो फरक भरून काढायची ताकद फक्त खरेदीच्या टेबलावर आहे, आणि त्या टेबलावर बसलेला माणूस आज एवढंच विचारतो: किती लावला भाव, गाडी कधी लागेल, आणि उधारी किती दिवसांची?

तुम्ही म्हणाल, आपण घेतो किती, आपल्यानं अलंगला काय फरक पडणार. एकट्या सांगलीचं म्हणाल तर खरं आहे. पण कोल्हापूर, सांगली, कराड, सातारा हा पट्टा धरला तर देशातल्या फाउंड्रीच्या नकाशावर तो छोटा नाही. आणि तुमच्यातले निम्मे आणि कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावचे निम्मे एकाच व्यापाऱ्याकडून माल घेतात. एकानं विचारलं तर तो हसेल. दहा जणांनी एकाच महिन्यात विचारलं तर तो पुढच्या गाडीला यार्डाचं नाव घेऊन येईल. व्यापारी हा असा प्राणी आहे की गिऱ्हाइकानं जे मागितलं ते त्याच्याकडं आधीपासूनच असतं.

दुसरं म्हणाल, भंगाराला कसला कागद. अहो, जीएसटीच्या बनावट बिलांत अडकून कितीजणांचं क्रेडिट गेलं? त्यानंतर आपण बिल, ई-वे बिल, गाडी नंबर, वजनाची पावती सगळं मागायला शिकलोच ना. नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर १० ऑक्टोबर २०२४ पासून कर आपल्यालाच भरावा लागतो, म्हणून मालाची साखळी कोण कुठला हे आपण आता बघतोच. त्यात एक ओळ वाढवायची, यार्डाचं नाव आणि अधिकृततेचा क्रमांक. तेवढ्यानं कुणाची गाडी अडणार नाही. आणि परदेशी गिऱ्हाइकानं विचारलं की आपण काय करतो? मटेरियलचा दाखला, रसायनांची घोषणा, आणि आता कार्बनचा हिशोब, शंभर पानं भरून देतो आणि त्यावर संचालकाची सही घेतो. गिऱ्हाइकापुढं एवढं वाकतो, तर पुरवठादाराला एक प्रश्न विचारायला लाज कशाला?

कुठून आलं हे न विचारण्याचा परिणाम दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारानं २०१० मध्ये भोगला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र भंगारात गेलं, त्यात कोबाल्ट-६० होतं, ते कुणीतरी फोडलं आणि एका माणसाचा जीव गेला, बाकीचे भाजले. ते जहाजाचं भंगार नव्हतं, पण बाजार तोच, सवय तीच. आणि आपल्या इंडक्शन फर्नेसमध्ये पाणी भरलेला बंद पाइप किंवा सिलिंडर पडला की काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. वितळलेलं लोखंड छतापर्यंत जातं. बंद तोंडाचा माल यार्डातच वेगळा काढा, तोंड उघडून मगच चार्जला द्या. यासाठी करार लागत नाही, कायदा लागत नाही, सकाळच्या पाळीच्या सुपरवायझरनं अर्धा तास उन्हात उभं राहणं लागतं.

आता एक गोष्ट मनाला लागलेली आहे ती बोलतो. अलंगपेक्षा वाईट तोडणी आपल्याच तालुक्यांत चालते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत दोन्ही जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांनी जुने बॉयलर काढून को-जनरेशनचे मोठे बसवले. जुने बॉयलर, इव्हॅपोरेटर, पॅन, मळीच्या टाक्या टेंडरनं भंगारात गेल्या. घेणारा ठेकेदार चार गॅस कटर आणि सहा हेल्पर आणतो, तळावर झोपड्या पडतात आणि महिन्यात जागा साफ करून देतो. एका ठिकाणी मी माल बघायला गेलो होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथंच तसं होतं असं नाही. बॉयलरच्या ड्रमवरचं पांढरं वेष्टण एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पहारीनं ठोकून पाडत होता. तोंडाला रुमाल, पायात चप्पल. ढलपी पडली की पिठासारखी पूड उठायची, उन्हाच्या तिरपेत ती तरंगताना दिसायची, आणि तो थुंकून पुन्हा ठोकायला लागायचा. दुपारी तीच ढलपी खाली पसरून त्यावर बसून सगळ्यांनी भाकरी खाल्ली, कारण ती ऊब धरत नाही. मी ठेकेदाराला विचारलं, यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का. तो म्हणाला, काय ते माहीत नाही साहेब, जुन्या काळचा चुना असतो.

असेलही चुना. किंवा नसेल. कुणी तपासलं नव्हतं. त्या काळातल्या बॉयलरांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण सर्रास असायचं आणि आपल्याकडं छपराचे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे अजून दुकानात मिळतात, त्यामुळं त्याची भीतीच कुणाला राहिली नाही. जहाज असतं तर आज त्याला घातक मालाची यादी जोडणं बंधनकारक होतं. बॉयलर जमिनीवर उभा होता म्हणून त्याला यादी लागली नाही.

तसा जमिनीवर कायदा नाही असंही नाही. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी तपासणी करून लेखी दाखला, नाहीतर श्वास घ्यायचं साधन, कमरेला पट्टा आणि बाहेर दोर धरून माणूस, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये होतं. ज्या टाकीत पेट घेणारा पदार्थ होता तिला वेल्डिंग किंवा कटिंग करण्याआधी ती निर्धोक करावी, हे कलम ३७ मध्ये होतं. आता ते सगळं नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेलं. पण तोडणीचा ठेकेदार स्वतःला कारखाना समजतच नाही, आणि टेंडर काढणारा कारखाना म्हणतो की माल विकला, आता तो त्याचा. टेंडरच्या अटींत डिपॉझिट, उचल करायची मुदत, वजनकाटा, सगळं बारीक अक्षरात असतं. वेष्टण तपासून घ्या, टाकीचा गॅस मोजा, ही अट नसते. ती टाकायला संचालक मंडळाला सरकारी जीआरची वाट बघायचं कारण नाही. आपल्यातले कितीतरी जण त्या मंडळांवर आहेत, निदान ओळखीचे तरी आहेत.

आणि आपल्या भागाला हे नवं नाही. सातारा-सांगलीची माणसं मुंबईच्या लोखंड बाजारात पाठीवर प्लेटा वाहायला गेली होती. सातारा जिल्ह्यातूनच गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाला मालक नसतो म्हणून त्याला हक्कही नाही, असं तेव्हाही व्यापारी म्हणत होते. मंडळ झालं, नोंदणी झाली, आणि लोखंड बाजार काही बुडाला नाही. आज गॅस कटर घेऊन गावोगाव फिरणारी जी पोरं आहेत, त्यातली बरीच बाहेरची आहेत म्हणून आपण त्यांच्याकडं बघत नाही. आपली माणसं मुंबईत बाहेरचीच होती.

खर्च वाढेल का? वाढेल. तपासलेल्या यार्डाचा माल किलोमागं थोडा महाग पडेल. पण चार्जमध्ये जहाजाचं भंगार असतं किती? बाकी सीआरसी (पातळ पत्र्याचं भंगार), पिग आयर्न (कच्चं बीड), आपलेच रनर-रायझर (कास्टिंगचे कापून काढलेले जादा तुकडे). तो फरक कास्टिंगच्या किलोवर पसरला की वीजबिलातल्या एका महिन्याच्या चढउतारापेक्षा कमीच भरेल, हा माझा खरेदीच्या टेबलावरचा अंदाज आहे. हिशोब मांडून मला खोटं ठरवलं तर आनंदच आहे, निदान कुणी हिशोब तरी मांडला असं होईल. फॅब्रिकेशनवाल्यांना थोडं जास्त लागेल, कारण ते प्लेट जशीच्या तशी वापरतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा रंग वीतभर आधी खरवडून घ्या. पोरगं ग्राइंडर किंवा छिन्नी घेऊन बसलं तर तासाभराचं काम आहे. ग्राइंडर लावलात तर धुळीचा मास्क द्या, रुमाल नको. आणि शेडमध्ये वारा कुठून येतो ते बघून कटरला उभं करा.

केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये भारतीय यार्डात जहाज तोडायला देणाऱ्या मालकांना क्रेडिट नोट (भारतात नवं जहाज बांधताना वळती होणारी रक्कम) द्यायची योजना जाहीर झाली. करार लागू झाल्यावर जहाजं जास्त येतील असं अलंगवाले म्हणतात. म्हणजे माल वाढेल आणि आपल्याकडंही जास्त येईल. सवय लावायची तर माल वाढायच्या आधी लावलेली बरी.

तेव्हा विनंती स्पष्ट करतो. पुढच्या असोसिएशनच्या मीटिंगला हा विषय अजेंड्यावर घ्या. परचेस ऑर्डरच्या अटींत खालचा मजकूर टाका, आपापल्या वकिलाला दाखवून बदल करायचे ते करा:

"पुरवठ्यात जहाजतोडणीचा माल असल्यास यार्डाचं नाव, प्लॉट क्रमांक आणि २०१९ च्या कायद्याखालील अधिकृततेचा क्रमांक चलनावर लिहावा. अधिकृतता नसलेल्या यार्डाचा माल स्वीकारला जाणार नाही. बंद तोंडाचे पाइप, टाक्या, सिलिंडर आणि वेष्टण असलेले तुकडे गाडीत आढळल्यास ते पुरवठादाराच्या खर्चानं परत पाठवले जातील. वापरलेली टाकी किंवा बॉयलर विकत घेताना आतल्या गॅसची आणि बाहेरच्या वेष्टणाची तपासणी झाल्याचा लेखी दाखला सोबत असावा."

साखर कारखान्यांच्या टेंडरसाठी शेवटचं वाक्य तेवढं उलट फिरवून विकणाऱ्यावर टाकायचं. ज्यांना चलनाचा नमुना हवा असेल त्यांनी मीटिंगमध्ये सांगावं, मी टाइप करून आणतो. पहिल्या दोन-तीन गाड्यांना व्यापारी कुरकुर करतील, फोन येतील, कुणीतरी म्हणेल की शेजारचा कारखाना असं काही मागत नाही. म्हणून शेजारच्या कारखान्यालाही त्याच मीटिंगला बोलवा.

आपला,
कुपवाडचा एक निवृत्त फर्नेस सुपरवायझर